धांवणारा आणि धांवून आलेला

ह्या आठवड्याच्या पाठासाठीं आम्ही पवित्र शास्त्रांतील दोन वचनें शेजारीं शेजारीं ठेवीत आहों. एक, रोमकरांस पत्राच्या ९ व्या अध्यायाचें १६ वें वचन. आणि दुसरें, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ९ व्या अध्यायाचें २४ वें वचन. घरांत ज्यास वाचतां येतें त्यानें हीं दोन्ही वचनें प्रथम सर्वांस मोठ्यानें वाचून दाखवावीं, व मग हा लेख हातीं घ्यावा.

पहिल्या वचनांत प्रेषित पौल सांगतो कीं, तारण हें मनुष्याच्या इच्छेवर अवलंबून नाहीं आणि त्याच्या धांवण्यावरही नाहीं; तें दयाळू देवावर अवलंबून आहे. दुसऱ्या वचनांत तोच पौल सांगतो कीं, बक्षीस पदरीं पडेल असें धांवा. आतां साधा मनुष्य विचारील, ह्यांतलें धरावें कोणतें? धांवून कांहीं होत नसेल तर धांवावें कशाला? आणि धांवल्यावांचून चालत नसेल तर तारण कृपेचें कसें?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. आमच्या लहान लहान मंडळ्यांतून दोन तऱ्हेचे लोक एकाच सतरंजीवर बसतात. एकास आपल्या सत्कर्मांचा हिशेब कधींच पुरा झालासा वाटत नाहीं. तो उपासनेस येतो, वर्गणी देतो, उपास करितो, आणि तरी भीत भीत जगतो. दुसरा म्हणतो, "बाप्तिस्मा झाला, विश्वास ठेविला, आतां आणखी काय करावयाचें?" आणि तो जागचा हालत नाहीं. पहिल्यास पौलाचें पहिलें वचन ऐकूं आलेलें नाहीं, दुसऱ्यास दुसरें. दोघांचीही हानि मोठी आहे. म्हणून दोन्ही वचनें एकत्र कशीं बसतात तें पाहूं.

१. शर्यतींच्या गांवीं लिहिलेलें पत्र

ग्रीस देशांत करिंथ शहराजवळ एक चिंचोळी संयोगभूमि आहे. तेथें दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत. धांवण्याच्या सर्वांत जुन्या शर्यतीची लांबी सुमारें ६०० फूट असे. जिंकणाऱ्यास सोनें मिळत नसे; त्याच्या डोक्यावर पानांचा मुगूट घालीत. कांहीं काळीं तो देवदाराच्या जातीच्या झाडाच्या डाहाळ्यांचा असे, कांहीं काळीं सुकलेल्या भाजीच्या पानांचा. कोमेजणारा मुगूट असें पौल ज्याविषयीं लिहितो तो हाच. प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायावरून दिसतें कीं, पौल करिंथांत दीड वर्ष राहिला. हा काळ इ. स. ५० च्या सुमाराचा आहे. तेव्हां त्या खेळांची माहिती त्यास व त्याच्या श्रोत्यांस घरच्यासारखी होती.

आतां दुसरी गोष्ट ध्यानांत घ्या. रोमकरांस पत्र पौलानें बहुधा ह्याच करिंथांत असतां, सुमारें इ. स. ५७ मध्यें लिहिलें, असें अभ्यासी लोक मानितात. कारण त्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत जवळच्याच किंख्रिया बंदरांतील मंडळीच्या फीबी नांवाच्या सेविकेची तो शिफारस करितो. म्हणजे धांवण्यानें तारण होत नाहीं हें वाक्य ज्यानें शर्यत कधीं पाहिली नाहीं अशा मनुष्याचें नव्हे. धांवणाऱ्यांचा जयजयकार जेथें घरोघर चालत असे, त्या मुलखांत बसून त्यानें तें लिहिलें. धांवण्याची किंमत तो जाणत होता, आणि धांवणें कोठें चालत नाहीं हेंही तो जाणत होता.

२. धांवण्यापूर्वींची नोंद

त्या जुन्या खेळांचा एक नियम आपल्या पाठास फार उपयोगी आहे. प्राचीन काळीं ग्रीक लोकांच्या मोठ्या खेळांत वाटेल त्यास उतरतां येत नसे. मनुष्य स्वतंत्र असावा, गुलाम नसावा, आणि तो जन्मानें ग्रीक असावा, असा नियम होता. हिरोडोटस नांवाच्या इतिहासकारानें एक प्रसंग लिहून ठेविला आहे. मासेदोनियाचा अलेक्झांडर नांवाचा राजपुत्र (जगज्जेता अलेक्झांडर नव्हे, त्याच्या पुष्कळ आधीं होऊन गेलेला त्याचा पूर्वज) ऑलिंपिया येथें शर्यतीस आला. इतर धांवणाऱ्यांनीं हरकत घेतली कीं, हा परका आहे. तेव्हां "मी किती वेगानें धांवतों तें पाहा" असें म्हणून त्यास आंत जातां येईना. आपलें कुळ अर्गोस ह्या ग्रीक नगराचें आहे हें त्यास दाखवून द्यावें लागलें. पंचांनीं तें मानिलें, आणि मग तो धांवला.

ह्या गोष्टींत आपल्या कोड्याचें अर्धें उत्तर आहे. धांवून कोणी ग्रीक होत नसे. ग्रीक असे तो धांवत असे. रात्रंदिवस धांवला तरी गुलामाचें नांव त्या यादींत चढत नसे. नांव आधीं, धांव मागाहून. तसेंच देवाच्या घरीं आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत लिहिलें आहे कीं, ज्यांनीं ख्रिस्ताचा स्वीकार केला त्यांस देवाचीं मुलें होण्याचा अधिकार त्यानें दिला. हा अधिकार दिलेला आहे, कमावलेला नव्हे. आपण गुलाम होतों, आपण परके होतों, यादींत आपलें नांव नव्हतें. तें नांव ज्यानें घातलें त्यानें आपले पाय तपासून पाहिले नाहींत.

आमच्या वाचकांस एका जुन्या शब्दानें हें आणखी स्पष्ट होईल. आमच्या आजोबापणजोबांच्या काळीं गांवांत दोन प्रकारची मिळकत असे. एक मजुरी, जी दिवसभर राबल्यावर सांजेस हातीं पडे. दुसरें वतन, जें बापाकडून मुलाकडे येई. मजुरास काम चुकलें तर मजुरी नसे. वतनदाराचा मुलगा मात्र पाळण्यांत असतांनाच वतनाचा धनी असे. त्या वतनांबरोबर वेठही होती व अपमानही होता, हें आमच्या पुष्कळ घरांस ठाऊक आहे, आणि कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं हें बरेंच झालें. परंतु मराठी पवित्र शास्त्रांत तो शब्द राहिला आहे, आणि तेथें त्याचा अर्थ उज्ज्वल आहे. सार्वकालिक जीवन ही देवाच्या मळ्यांतील मजुरी नव्हे. तें त्याच्या मुलांचें वतन आहे. रोमकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायांत पौल हाच भेद करितो: राबणाऱ्यास जें मिळतें तें ऋण म्हणून मिळतें, विश्वास ठेवणाऱ्यास जें मिळतें तें कृपेनें मिळतें.

३. "धांवा" ह्या शब्दाचा अर्थ

आपल्या मराठी भाषेंत एक नवल आहे, आणि तें आम्हांस ह्या पाठासाठीं जणों राखून ठेविल्यासारखें वाटतें. संकटांत सांपडलेला मनुष्य देवास हांक मारितो तेव्हां आपण काय म्हणतों? "त्यानें देवाचा धांवा केला." येथें धांवावयाचें कोणी? हांक मारणाऱ्यानें नव्हे. त्याचे पाय तर चिखलांत रुतलेले आहेत. ज्यास हांक मारिली त्यानें धांवून यावें, असा त्या शब्दाचा भाव आहे. आपल्या लोकांच्या जिभेवर शतकानुशतकें हा शब्द आहे, आणि त्यांत मनुष्याच्या हृदयाची खरी गरज बोलून दाखविली आहे.

विहिरींत पडलेल्या मुलास कांठावर उभें राहून "धांव रे, धांव" असें कोणी म्हणेल काय? धांवण्यास पायांखालीं जमीन लागते. पडलेल्यासाठीं कोणीतरी दोर बांधून आंत उतरावें लागतें. मूल वर आलें, श्वास घेऊं लागलें, म्हणजे मग तें आईकडे धांवत जातें. तें धांवणें खरेंच आहे आणि गोडही आहे. पण त्या धांवण्यानें तें विहिरीबाहेर निघालें असें कोणी म्हणणार नाहीं.

आतां लूककृत शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय काढा. प्रभु येशूनें सांगितलेल्या त्या दृष्टांतांत कोण धांवतो? धाकटा मुलगा नव्हे. तो चालत आला, तोही पाठ केलेलें एक वाक्य मनांत घोळवीत, कीं मला एका मजुराप्रमाणें ठेवा. म्हणजे त्यानें मजुरीच मागावयाची असें ठरविलें होतें. धांवला तो बाप. आपल्या खेड्यांतही वयोवृद्ध पाटील रस्त्यानें कधीं धांवत नाहीं. धोतराचा सोगा आवरून, चावडीसमोरून, सर्वांच्या डोळ्यांदेखत तो पळत सुटला तर लोक काय म्हणतील? प्रभूच्या काळच्या यहूदी गांवांतही म्हाताऱ्या घरधन्याची प्रतिष्ठा अशीच होती. त्या बापानें आपली प्रतिष्ठा बाजूस ठेविली, आणि मुलगा दूर असतांच त्यास जाऊन मिठी मारिली. मजुराचें वाक्य पुरें बोलूंही दिलें नाहीं.

हें देवाचें धांवणें बेथलेहेमच्या गव्हाणींत सुरू झालें व वधस्तंभापर्यंत गेलें. तेथें प्रभूच्या शेजारीं एक चोर टांगलेला होता. त्याचे हात व पाय वधस्तंभास जखडलेले होते. त्यास एक पाऊल टाकतां येत नव्हतें, एक पैसा दान देतां येत नव्हता, एक उपासना गांठतां येत नव्हती. त्यास फक्त बोलतां येत होतें. त्यानें धांवा केला, आणि त्याच दिवशीं त्यास सुखलोकाचें वचन मिळालें. ज्यांस आपल्या कर्मांचा आधार वाटतो त्यांनीं ह्या मनुष्याकडे एकदां नीट पाहावें.

४. चांगले धांवत होते, मग अडले कशानें?

गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायांत पौल त्या मंडळ्यांस खेदानें विचारितो कीं, तुम्ही चांगले धांवत होतां, तुम्हांस आडवें कोण आलें? आम्हांस वाटेल, ते आळशी झाले असतील, किंवा जगाच्या मोहांत पडले असतील. पण पत्र वाचून पाहा. त्यांनीं जास्त कर्में करण्यास आरंभ केला होता! विश्वासानें भागत नाहीं, सुंताही पाहिजे, दिवस व महिनेही पाळले पाहिजेत, असें त्यांस कोणी शिकविलें होतें. पौलाच्या दृष्टीनें ते ह्यामुळेंच थांबले.

हें विचित्र दिसतें, परंतु अनुभव ह्याची साक्ष देतो. जो मनुष्य आपलें तारण स्वतः कमावूं पाहतो तो पुढें पाहत नाहीं. तो खालीं आपल्या पायांकडे पाहतो, मागें वळून पाउलें मोजतो, आणि शेजारच्याकडे तिरप्या डोळ्यानें पाहतो कीं, तो माझ्या मागें आहे ना? असा मनुष्य धांवेल कसा? इब्री लोकांस पत्राचा १२ वा अध्याय म्हणतो कीं, ओझें टाकून, येशूकडे दृष्टि लावून धांवावें. आम्ही ओझें म्हणजे फक्त पाप समजतों. पण आपल्या पुण्याईचें गांठोडें हेंही ओझेंच आहे, आणि पुष्कळांस तें पापापेक्षां सोडण्यास जड जातें. त्या दृष्टांतांतील वडील मुलगा शेतांतून आला तेव्हां त्याच्या पाठीवर हेंच गांठोडें होतें. इतकीं वर्षें चाकरी केली, एक करडूंही मिळालें नाहीं, असा त्याचा हिशेब. बापाचें सर्व कांहीं त्याचेंच होतें, आणि तो मजुरी मागत दाराबाहेर उभा राहिला.

५. मग सत्कर्में कशासाठीं?

येथें आमचा तो दुसरा बंधु, जो जागचा हालत नाहीं, तो संतोषानें मान हालवूं लागला असेल. त्यानें जरा थांबावें. ज्याच्या पायांस बळ आलें, तो बसून राहिला तर बळ खरोखर आलें आहे कीं नाहीं अशी शंका येते. याकोबाच्या पत्राचा २ रा अध्याय हेंच विचारतो. तो पौलाचा विरोधक नव्हे. पौल मुळाविषयीं बोलतो, याकोब फळाविषयीं. फळें बांधून झाड जिवंत होत नाहीं. पण वर्षानुवर्षें ज्यास पानही फुटत नाहीं त्यास जिवंत म्हणणें कठीण आहे.

इफिसकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायांत ८, ९ व १० हीं वचनें ओळीनें आहेत, आणि त्यांचा क्रम कोणीं मोडूं नये. आधीं कृपेनें, विश्वासाच्या द्वारें तारण. मग तें कर्मांनीं नव्हे हें सांगणें. आणि शेवटीं, आपण सत्कर्मांसाठींच निर्माण झालों हें सांगणें. बैल गाडीच्या पुढें जुंपला म्हणजे गाडी चालते. मागें जुंपला तर दोघांचाही खोळंबा.

फिलिप्पैकरांस पत्राच्या ३ ऱ्या अध्यायांत पौल आपल्या स्वतःच्या धांवण्याचें कारण सांगतो. मला अद्याप मिळालें नाहीं म्हणून मी धांवतों, एवढेंच तो म्हणत नाहीं. ख्रिस्तानें मला आधींच धरिलें आहे, म्हणून तें हस्तगत करण्यास मी धांवतों, असा त्याचा भाव आहे. धरिलेला मनुष्य धांवतो! सुटण्यासाठीं नव्हे, धरणाऱ्याबरोबर राहण्यासाठीं.

६. एका धांवणाऱ्याचें उदाहरण

एरिक लिडेल ह्याचें नांव आमच्या कांहीं वाचकांनीं ऐकिलें असेल. त्याचा जन्म १९०२ मध्यें चीन देशांत टिएन्ट्सिन येथें झाला. त्याचे आईबाप स्कॉटलंडचे मिशनरी होते. १९२३ मध्यें इंग्लंडांत ४४० यार्डांच्या एका शर्यतींत आरंभींच धक्का लागून तो पडला. तो उठला तेव्हां बाकीचे सुमारें वीस यार्ड पुढें गेले होते. तरी त्यानें ती शर्यत जिंकिली. पुढील वर्षीं पॅरिस येथें ऑलिंपिक खेळ भरले. १०० मीटरच्या शर्यतीची पहिली फेरी रविवारीं होती. प्रभूच्या दिवशीं धांवणार नाहीं असें त्यानें बरेच आधीं कळविलें होतें, आणि तो ठाम राहिला. नंतर ११ जुलै १९२४ रोजीं ४०० मीटरची शर्यत, जी त्याची मुख्य शर्यत नव्हती, ती त्यानें ४७.६ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळविलें.

पुष्कळ ठिकाणीं ही कथा येथेंच संपवितात व धडा सांगतात कीं, त्यानें रविवार पाळिला म्हणून देवानें त्यास पदक दिलें. हा धडा बरोबर नाहीं. ही तर मजुरीची भाषा झाली. पदक मिळालें नसतें तर त्याचा विश्वास खोटा ठरला असता काय?

त्याची पुढची कथा ऐका. १९२५ मध्यें, कीर्ति शिगेस असतां, तो चीनमध्यें शिक्षक म्हणून गेला, व पुढें खेड्यांतील मिशनकार्यांत शिरला. युद्धाच्या धामधुमींत, १९४१ मध्यें, त्यानें आपल्या पत्नीस व मुलींस कानडा देशीं पाठविलें. त्यानंतर जन्मलेली तिसरी मुलगी त्यास कधींच दिसली नाहीं. १९४३ मध्यें जपानी लोकांनीं त्यास वेहसिएन येथील छावणींत कोंडिलें. तेथें तो मुलांस शिकवी व त्यांचे खेळ घेई. त्या छावणींतून सुटून आलेल्यांनीं सांगितलें आहे कीं, रविवारीं खेळ घेण्यास प्रथम त्यानें नकार दिला. पण कोणी देखरेख करणारा नसल्यामुळें मुलांचीं भांडणें होऊं लागलीं, तेव्हां तो रविवारींही स्वतः पंच म्हणून उभा राहिला.

बंधूंनो, ह्यावर विचार करा. जगाच्या पदकासाठीं ज्यानें रविवार सोडिला नाहीं, त्यानें कोंडलेल्या पोरांसाठीं आपला नेम बाजूस ठेविला. रविवार पाळणें हें जर त्याच्या तारणाचें मोल असतें, तर तें त्यास सोडतां आलें नसतें. तें मोल नव्हतें. तें प्रीतीचें फळ होतें. एके वेळीं प्रीतीनें त्यास थांबविलें, दुसऱ्या वेळीं प्रीतीनेंच त्यास मैदानांत नेलें. २१ फेब्रुवारी १९४५ रोजीं त्याच छावणींत, मेंदूंतील गांठीच्या विकारानें, वयाच्या ४३ व्या वर्षीं तो प्रभूकडे गेला.

७. उपदेशकांस दोन शब्द

गांवोगांव फिरणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस हा पाठ विशेषेंकरून लागू आहे. रोजनिशींत किती गांवें फिरलों, किती घरीं प्रार्थना केली, हें लिहावें लागतें, व तें योग्यच आहे. पण ती वही पाळकासाठीं आहे. देवापुढें ठेवण्यासाठीं नव्हे.

केव्हां तरी तुम्हांस एखाद्या म्हाताऱ्या बहिणीच्या अंथरुणापाशीं बोलावणें येईल. ती विचारील, "मास्तर, माझें भरलें असेल का हो?" अशा वेळीं तिच्या उपासनांची व वर्गणीची गणती करून तिचें समाधान करूं नका. तिचें मन लगेच त्या दिवसांकडे जाईल जेव्हां ती गेली नाहीं, त्या शब्दांकडे जे ती सुनेस बोलली. गणतीचा आधार गणतीनेंच तुटतो. तिला सांगा, "आई, तुमचें भरलें नाहीं, माझेंही नाहीं. ज्याचें भरलें त्यानें आपलें नांव आपल्या नांवाशेजारीं लिहिलें आहे." मग तिला लूक १५ वाचून दाखवा, आणि बाप धांवला त्या ओळीशीं जरा थांबा.

आणि जो धडधाकट असून बसून राहिला आहे, ज्याची शेजाऱ्याशीं बोलचाल नाहीं, ज्यानें भावाचें शेत दाबलें आहे, त्यास म्हाताऱ्या बहिणीचें औषध देऊं नका. त्यास १ करिंथ ९ वाचून दाखवा, व प्रेमानें विचारा, "भाऊ, नांव यादींत आहे म्हणतां, मग मैदानांत दिसत कां नाहीं?" वैद्य एकच पुडी सर्वांस देत नाहीं. पण दोन्ही पुड्या एकाच वैद्याच्या आहेत हें विसरूं नका.

मंडळींत चर्चा करण्यासाठीं प्रश्न

(१) धाकट्या मुलानें बापास सांगण्याचें जें वाक्य ठरविलें होतें, त्यांतील कोणता भाग बापानें बोलूं दिला नाहीं? कां?

(२) गलतीकर जास्त कर्में करूं लागले, तरी ते अडखळले असें पौल कां म्हणतो?

(३) आपल्या मंडळींत असे कोणते चांगले नेम आहेत, जे प्रीतीचें फळ होते व आतां मजुरीचे झाले आहेत?

(४) ह्या आठवड्यांत आपण कोणाकडे धांवून जावें अशी प्रभूची इच्छा असेल? त्या मनुष्याचें नांव मनांत घ्या, आणि रविवारची वाट न पाहतां जा.

ज्यानें प्रथम आमच्याकडे धांव घेतली, तो आमच्या पायांस बळ देवो, आणि आमच्या दृष्टीपुढून स्वतः कधीं दूर न होवो. आमेन.